न वाजलेला भोंगा

खाण्याच्या सोड्यावर लिंबाचा रस टाकून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड जळत्या मेणबत्तीवर ओतला, की ज्योत विझते. हा प्रयोग आपण वर्गात नेहमी करतो. मोठ्या इमारतींतील वायूने आग विझवणारी यंत्रणा याच तत्त्वावर चालते. विजेच्या उपकरणांवर पाणी मारणे धोक्याचे, म्हणून तेथे वायू सोयीचा. मात्र त्यासाठी हवेत त्याचे प्रमाण किमान ३४ टक्के ठेवतात आणि १७ टक्क्यांपुढेच माणूस मिनिटभरात दगावू शकतो.

म्हणजे वायू केव्हा सोडायचा, हा प्रश्न कळीचा. तो विजेवर सोपवलेला असतो. आगीची वर्दी तारेने देण्याची कल्पना जुनी आहे. बोस्टन शहरात चॅनिंग आणि फार्मर यांनी तशी यंत्रणा १८५२ साली सुरू केली. आजच्या यंत्रणेत धूर किंवा उष्णता ओळखणारे संवेदक नियंत्रण-पेटीला खबर देतात. पेटी आधी भोंगा वाजवते, बाहेर पडायला काही सेकंद देते आणि मग सिलिंडरची झडप उघडते. आगीत वीज जाण्याचा संभव असतो, म्हणून पेटीला बॅटरी जोडलेली असते. तारांच्या टोकाला रोध जोडून त्यांतून सतत थोडासा प्रवाह वाहता ठेवतात. तो थांबला, की तार तुटल्याचे लगेच कळते.

तरीही २८ जुलै १९९८ रोजी अमेरिकेतील आयडाहोच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत अपघात झाला. विजेच्या कामाच्या तयारीसाठी एका इमारतीचा पुरवठा बंद केला जात होता. आत १३ जण होते. शेवटचा सर्किट ब्रेकर उघडताच कार्बन डायऑक्साइड सुटला. भोंगा वाजलाच नाही. काही सेकंदांत सारे पांढरे झाले, वाट दिसेना. एक कामगार मरण पावला, इतर काही जणांच्या जिवावर बेतले.

वायुयंत्रणा बंद ठेवलेली होती. पण केवळ पेटीला दिलेल्या इलेक्ट्रॉनिक आज्ञेने. वायूची वाट प्रत्यक्ष अडवलेली नव्हती. पुढे अमेरिकी मानकात कुलूप लावता येणाऱ्या झडपेची अट आली. अशी झडप कोणत्याच विद्युत-संकेताचे ऐकत नाही.

बटण दाबले म्हणजे बंद झाले, असे प्रयोगशाळेत आम्हीही सहज धरून चालतो. वर्गात घट, तार आणि दिवा घेऊन मुलांना दोन प्रश्न विचारावेत. आग लागण्यापूर्वीच तार तुटल्याचे कसे कळेल? आणि ‘बंद आहे’ हे आपल्याला नेमके कोण सांगते?