तबकडी-संच, आभासी

संगणकातील माहिती अनेक चुंबकीय तबकड्यांवर विभागून ठेवून त्या सर्व मिळून एकच सलग संग्राहक आहे, असे संगणकास भासविणाऱ्या योजनेस आभासी तबकडी-संच म्हणतात. संगणकास दिसणारा माहितीचा पत्ता आणि तबकडीवरील प्रत्यक्ष जागा ही यात भिन्न असतात. त्यांचा मेळ नियंत्रक हा घटक एका तक्त्याच्या साहाय्याने घालतो. भिवंडी तालुक्यातील राहनाळसारख्या ठिकाणच्या एखाद्या गोदामाचे उदाहरण यासाठी घेता येईल. आपला माल कोणत्या गाळ्यात आहे, हे व्यापाऱ्यास ठाऊक असण्याची गरज नसते; पावती दाखविल्यावर नोंदवहीवरून माल काढून दिला जातो. माल दुसऱ्या गाळ्यात हलविला, तरी पावती तीच राहते. मात्र नोंदवहीच हरवली, तर माल शाबूत असूनही सापडत नाही. आभासी संचाचा लाभ व धोका दोन्ही यात आहेत.

आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये रॅमॅक संगणकाबरोबर पहिला व्यापारी तबकडी-संग्राहक प्रचारात आणला. त्यात सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या असून ५० लक्ष वर्ण साठविता येत. मोठ्या संग्राहकांऐवजी अनेक लहान व स्वस्त संग्राहक एकत्र वापरावेत, असे प्रतिपादन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात केले. ही पद्धती ‘रेड’ या नावाने रूढ झाली. अनेक तबकड्यांवर एकाच वेळी काम चालत असल्याने वेग वाढतो. परंतु विश्वसनीयता घटते. एका संग्राहकाचे सरासरी आयुष्य ३०,००० तास धरले, तर १०० संग्राहकांच्या संचात सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, एखादा बिघडणार. यावर उपाय म्हणजे माहितीची दुसरी प्रत ठेवणे किंवा हरवलेला भाग गणिताने परत मिळवून देणारी समता-माहिती साठविणे. पहिल्या उपायात जागा दुप्पट लागते; दुसऱ्यात जागा वाचते, परंतु लहानशा बदलासाठीही जुनी माहिती व जुनी समता वाचून दोन्ही नव्याने लिहावी लागतात. एका लेखनाच्या जागी अशी चार कामे होतात.

ही ओढाताण कमी करण्यासाठी आभासीकरणाचा उपयोग झाला. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या संशोधकांनी १९९५ मध्ये वर्णिलेल्या संचात वारंवार बदलणारी माहिती दुहेरी प्रतीत व उरलेली समता-पद्धतीने ठेवली जाई आणि नियंत्रक ती आपोआप हलवीत असे. २००३ मध्ये आयबीएमने निरनिराळ्या उत्पादकांचे संच एकत्र जोडून त्यांचा एकच साठा भासविणारी यंत्रणा विक्रीस आणली.

यामुळे तबकडी बिघडण्याचे भय कमी झाले, पण नियंत्रक, तक्ता व जोडणाऱ्या वाहिन्या यांवरील भार वाढला. मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजारात २४ फेब्रुवारी २०२१ रोजी याचा प्रत्यय आला. बाजाराच्या स्पष्टीकरणानुसार त्याच्या केंद्रांना जोडणाऱ्या, दोन वेगळ्या कंपन्यांकडून घेतलेल्या दूरसंचार वाहिन्या अस्थिर झाल्या. त्यामुळे मुख्य केंद्रातील संग्राहक-जालापर्यंत संगणकांना पोहोचता येईना आणि समाशोधन संस्थेची जोखीम-नियंत्रण यंत्रणा बंद पडली. सकाळी ११.४० वाजता थांबविलेले व्यवहार दुपारी ३.४५ वाजता पुन्हा सुरू झाले व ५ वाजेपर्यंत चालविण्यात आले. त्याच वर्षी भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने महत्त्वाची यंत्रणा खंडित झाल्यास ३० मिनिटांच्या आत आपत्ती जाहीर करण्याचे बंधन बाजारांवर घातले.

माहिती नष्ट न होणे व ती वेळेवर हाती येणे, ही विश्वसनीयतेची दोन स्वतंत्र अंगे होत. पहिले अंग जादा तबकड्यांनी साधता येते. दुसऱ्यासाठी तक्त्याच्या प्रती, स्वतंत्र मार्गांच्या वाहिन्या आणि पर्यायी केंद्रावर काम नेण्याचा नियमित सराव आवश्यक ठरतो.