गोवर्धनच्या कुंभारांकडची ठेव

गावाजवळ पांढरीचं टेकाड असतं ना, तिथली माती शेतात टाकली की पीक जोमानं येतं म्हणून ट्रॉल्या भरभरून नेतात. त्या मातीत खापरं निघतात आणि आपण ती बांधावर भिरकावतो. आज त्या खापरांबद्दल बोलायचं आहे, आणि थोडं व्याजाबद्दलही.

१९५०-५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी दोन ठिकाणी खोदकाम केलं. एक आपल्या नाशिकात, गोदाकाठच्या जुन्या मातीच्या गढीवर. दुसरं संगमनेर तालुक्यात, प्रवरेकाठच्या जोर्वे गावी. जोर्व्याला चाकावर घडवलेली लाल भांडी मिळाली. त्यांवर काळ्या रंगाच्या रेघा, काहींना तोटी, आणि भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर खणकन वाजावीत. तीन हजार वर्षांहून जुनी! पुढे महाराष्ट्रात जिथे जिथे तशी भांडी सापडली तिथे त्यांना जोर्वे भांडी असंच नाव पडलं. पुणे जिल्ह्यात इनामगावला तर कुंभाराची भट्टीही सापडली. तिथेच घराच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून पुरलेली मिळाली, आत तान्ह्या बाळांची हाडं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

नाशिकच्या गढीत वरच्या थरांत काळी-तांबडी भांडी आहेत. भांडं आव्यात पालथं घातलं की आतली बाजू आणि काठ काळा होतो, बाहेरचं अंग तांबडं राहतं. हे सातवाहनांच्या आसपासचे दिवस. त्या काळात आपल्या भागाचे मालक सारखे बदलत होते. सातवाहन गेले, क्षत्रप नहपान आला. मग गौतमीपुत्र सातकर्णीनं त्याला हरवलं, आणि पुढे आभीर आले. १९०६ साली जोगलटेंभीला नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा मारून घेतलेला आहे. नाण्यावर ठसा मारता येतो. रांधायच्या मडक्यावर कोण मारणार?

दूर दक्षिण अमेरिकेत, पेरूच्या डोंगरात, इंका नावाचं मोठं साम्राज्य होतं. तिथल्या खापरांचा अभ्यास करणाऱ्यांना असंच दिसलं. सरकारी कामाला आलेल्या लोकांना मक्याची दारू द्यायला अरुंद गळ्याचे, निमुळत्या बुडाचे मोठे रांजण असत. त्यांचा घाट आणि नक्षी ठरलेली, सरकारी. पण लोकांच्या घरातली भांडी बरीचशी आपापल्या खोऱ्यातल्या जुन्या रीतीची राहिली.

आता व्याज. पांडवलेण्यात दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ३००० कार्षापण ठेवले. दोन हजारांवर महिना शेकडा एक व्याज, हजारावर शेकडा पाऊण. मुद्दल कधी परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांचे महिन्याला वीस, वर्षाला २४०. लेण्यात पावसाळ्याला राहणारे भिक्षू वीस, प्रत्येकाला वस्त्रासाठी बारा. करा हिशोब, बरोबर जमतो. आपल्या गटाची वही इतकी चोख असते का, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

पण मला जास्त आवडतो तो त्याच लेण्यातला पुढच्या काळचा, आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षाचा लेख. तो विष्णुदत्ता नावाच्या बाईचा आहे. शक घराण्यातली ही उपासिका. लेखात तिच्या वडिलांचं, नवऱ्याचं, मुलाचं नाव आहे, पण ठेव तिची. आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी तिनं गोवर्धनच्या संघांकडे पैसे ठेवले. पाण्याची यंत्रं करणाऱ्यांकडे दोन हजार, तेल्यांकडे काही, आणि कुलरिकांकडे एक हजार. कुलरिक म्हणजे कुंभार, असा अर्थ अभ्यासक लावतात. गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूरजवळचंच गोवर्धन बरं का!

कायमची ठेव कुणाकडे ठेवतो आपण? जो उद्याही धंद्यात असेल त्याच्याकडे. राजे बदलले तरी मडकं लागणारच, हे त्या बाईला ठाऊक असणार.

लेखात संघाचं नाव आहे, पण त्या संघाच्या घरांतल्या बायकांचा उल्लेख नाही. आमच्या एका गटात कुंभार समाजाची ताई आहे. चाकावर दीर बसतो. माती चाळणं, लीद आणि राख मिसळून तुडवणं, ओल्या मडक्याला आतून गोटा धरून बाहेरून फळीनं थापणं, आवा रचायला गोवऱ्या वाहणं आणि बाजारात नेऊन विकणं, हे सगळं तिच्याकडे. चुली तर ती एकटीच घडवते. कर्जाच्या अर्जात व्यवसायाच्या रकान्यात साहेबांनी लिहिलं, ‘गृहिणी’. गृहिणीला दुकानासाठी कर्ज कशाला, म्हणून अर्ज परत आला.

मी तिला विष्णुदत्तेची गोष्ट सांगितली. ती हसली, म्हणाली, “म्हणजे तेव्हा आमच्याकडं लोक पैसं ठेवायची, आन् आता आम्ही मागायला जातो.” मग पुढच्या बैठकीत आम्ही प्रोसिडिंगला ठराव घेतला, तिच्या कामांची यादी लिहिली, दहा जणींनी सह्या केल्या. दुसरा अर्ज भरताना तो रकाना तिनं स्वतः भरला. अक्षर लागायला वेळ लागला, पण लिहिलं, ‘कुंभारकाम’. अर्ज गेल्या सोमवारी दिला आहे.