टोपलीआडची बासरी

योगवर्गात, स्पामध्ये, झोप येईना म्हणून मोबाइलवर लावलेल्या संगीतात एक बासरी हमखास ऐकू येते. आपल्या बासरीपेक्षा घोगरी, सुरात थोडी फुंकर मिसळलेली. एक सूर लांबतो, घसरत खाली येतो, आणि मग बराच वेळ काहीच वाजत नाही. ही जपानची शाकुहाची. ऐकणाऱ्याचा शीण घालवणारं वाद्य म्हणून आज ती जगभर ठाऊक आहे. पण जिथून हे वादन आलं, तिथे ऐकणाऱ्याचा विचार जवळजवळ नव्हताच.

शाकुहाची सनईसारखी समोर धरतात. मादाके जातीच्या बांबूचा मुळाकडचा, गाठीगाठींचा भाग घेऊन ती घडवतात. प्रचलित लांबी सुमारे साडेचोपन्न सेंटिमीटर, पुढे चार भोकं, मागे अंगठ्यासाठी एक. वरच्या तोंडाला बाहेरून तिरका छेद देऊन त्या कडेत शिंगाचा बारीक तुकडा बसवतात, आणि फुंकर त्या धारेवर फुटते. पाच भोकांनी मूळचे पाच स्वर मिळतात. मधले स्वर काढायचे ते भोक अर्धवट झाकून आणि हनुवटीने. मान खाली घातली की सूर उतरतो, वर केली की चढतो. आपल्याकडच्या मींडेची सवय असलेल्या कानाला ही घसरण लगेच आपली वाटते. नुसती मान हलवायला शिकण्यातच तीन वर्षं जातात, अशी या वादकांत म्हणच आहे.

हे वाद्य चीनमधून जपानच्या दरबारी संगीतात आलं. नारा इथल्या शोसोइन भांडारात आठव्या शतकातल्या आठ शाकुहाची आजही जपून ठेवलेल्या आहेत. त्यांना सहा भोकं आहेत. पुढे दरबारातून ती गेली आणि भटक्यांच्या हाती आली.

तिचं आजचं रूप घडवलं ते एदो काळातल्या (1603-1868) कोमुसो भिक्षूंनी. झेनमधल्या फुके पंथाचे हे लोक. त्यांत धनी गमावलेले सामुराई पुष्कळ. डोक्यावरून हनुवटीपर्यंत येणारी विणलेली टोपली घालून ते भिक्षा मागत फिरत. वाजवणाऱ्याचा चेहरा कुणाला दिसत नसे. बसून ध्यान करण्याऐवजी फुंकून ध्यान, ही त्यांची साधना होती. त्यांच्या रचनांपैकी बहुतेकींना ठेका नाही. एक स्वरवाक्य म्हणजे एक श्वास. तो संपला की थांबायचं, पुन्हा श्वास भरायचा. आज ज्याला आपण शांतता म्हणून ऐकतो, ती जागा वाजवणाऱ्याने श्वास घेण्याची आहे. अठराव्या शतकात कुरोसावा किंको या भिक्षूने मठामठांतून अशा रचना गोळा करून 36 रचनांचा संग्रह सिद्ध केला. मला या सगळ्या कुळातला खरा पूर्वज तोच वाटतो.

पंथाने स्वतःची वंशावळ मात्र वेगळीच सांगितली: नवव्या शतकातल्या चीनमध्ये फुके नावाचा अवलिया घंटा वाजवत फिरे, त्या घंटेचा नाद एका भक्ताने बासरीवर उतरवला, आणि ती परंपरा तेराव्या शतकात जपानला आली. शोगुनने, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाने, 1614 मध्ये खास सवलती दिल्याची एक सनदही हे भिक्षू दाखवत. अभ्यासक आज ती कथा रचलेली आणि ती सनद बनावट मानतात. तरीही त्या आधारावर पंथ टिकला, आणि पंथाच्या आधारावर संगीत टिकलं.

1871 मध्ये, एदो काळानंतर आलेल्या मेइजी सरकारने फुके पंथच बंद केला. शाकुहाची मठाबाहेर पडली आणि कोतो, शामिसेन या तंतुवाद्यांच्या साथीला बैठकीत बसली. चेहरा उघडा झाला, समोर श्रोते आले.

तिथून ध्यानसंगीतापर्यंतचा रस्ता एका जॅझवाल्याने काढला. अमेरिकन क्लॅरिनेटवादक टोनी स्कॉट 1959 मध्ये न्यूयॉर्क सोडून आशियात आला. 1964 मध्ये टोकियोत त्याने शाकुहाचीवादक होझान यामामोतो आणि कोतोवादक शिनिची युइझे यांच्यासोबत ‘म्युझिक फॉर झेन मेडिटेशन’ ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. वादन बरंचसं उत्स्फूर्त, सूर विरळ, मध्ये भरपूर मोकळी जागा. पुढे ‘न्यू एज’ नावाने जी लाट आली, तिची ही पहिली तबकडी असं अनेक जण मानतात. साधना वाजवणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे सरकली ती इथे. स्कॉटचा हात प्रामाणिक होता. त्या तबकडीत तिघेही एकमेकांचं ऐकताना जाणवतात. नंतरच्या नकलांनी लांब सूर आणि विराम उचलले, पण श्वासाचे कष्ट पुसून टाकले. संगणकातून काढलेल्या शाकुहाचीला दम लागतच नाही.

दम लागलेली शाकुहाची ऐकायची असेल तर गोरो यामागुची ऐकावेत. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवर पाठवलेल्या सोनेरी तबकडीत त्यांनी वाजवलेली, घरट्यातल्या क्रौंचांवरची पारंपरिक रचना आहे. जेमतेम पाच मिनिटांची. तीत सूर थरथरतो, फाटतो, फुंकरीचा खरखरीत आवाज मध्येच वर येतो. ती ऐकताना झोप येत नाही.