तेंडुलकर, प्रिया

तेंडुलकर, प्रिया (१९ ऑक्टोबर १९५४ – १९ सप्टेंबर २००२) : चित्रपट व दूरचित्रवाणी अभिनेत्री, कथालेखिका, चर्चेच्या कार्यक्रमांच्या सूत्रसंचालक. दूरदर्शनवरच्या ‘रजनी’ (१९८५) या हिंदी मालिकेने त्यांचे नाव देशभर पोहोचवले आणि पुढे जन्मभर ते नाव त्यांना चिकटून राहिले.

नाटककार विजय तेंडुलकर यांच्या त्या कन्या. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, ‘सखाराम बाइंडर’, ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकांवरून उठलेली वादळे ज्या घराने सोसली, त्या घरात त्या वाढल्या. वडिलांच्या नावाचा आधार मात्र त्यांनी फारसा घेतलेला दिसत नाही. पंचतारांकित हॉटेलात स्वागतिका, हवाई सुंदरी, वृत्तनिवेदिका, जाहिरातींतली मॉडेल अशी कामे त्यांनी केली. चित्रकलेचीही त्यांना ओढ होती.

श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’मध्ये (१९७४) त्या प्रथम पडद्यावर आल्या. जमीनदाराच्या मुलाची, म्हणजे अनंत नाग यांनी रंगवलेल्या सूर्याची, नवी नवरी सरू ही त्यांची भूमिका. सारा चित्रपट शबाना आझमी यांच्या लक्ष्मीभोवती फिरतो, त्यामुळे सरूच्या वाट्याला प्रसंग मोजकेच येतात. पण नवऱ्याच्या घरात पाऊल टाकताच तिथल्या मोलकरणीचे स्थान ओळखणारी ही मुलगी त्यांनी मोजक्या शब्दांत उभी केली. यानंतर मराठी चित्रपटांत त्यांना भरपूर काम मिळाले. ‘गोंधळात गोंधळ’ (१९८१), ‘देवता’ (१९८३), ‘मुंबईचा फौजदार’ (१९८४) हे त्यांतले काही. यांतील नायिकांना ठरीव साच्याबाहेर जाण्याची मुभा क्वचितच होती, आणि ‘अंकुर’मधून आलेल्या अभिनेत्रीला तो साचा अपुराच पडत होता.

ती मुभा त्यांना दूरदर्शनने दिली. १९८४मध्ये ‘हम लोग’ सुरू झाली आणि प्रायोजित मालिकांचे युग उघडले. ‘रजनीगंधा’, ‘छोटी सी बात’ अशा चित्रपटांतून मध्यमवर्गाचे जगणे हळुवारपणे दाखवणारे दिग्दर्शक बासू चटर्जी याच सुमारास छोट्या पडद्याकडे वळले. ‘रजनी’साठी आधी पद्मिनी कोल्हापुरे यांचा विचार झाला होता, शेवटी भूमिका प्रिया तेंडुलकर यांच्याकडे आली. रजनी मुंबईतली साधी गृहिणी. नवरा नोकरदार, घरात लहान मुलगी. प्रत्येक भागात नवे गाऱ्हाणे: कधी गॅसचा सिलिंडर, कधी टॅक्सीवाल्यांची अरेरावी, कधी सरकारी कचेरीतले हेलपाटे. साडी नेसलेली, खांद्याला पर्स अडकवलेली ही बाई काउंटरसमोर उभी राहायची आणि उत्तर मिळेपर्यंत हलायची नाही.

ही भूमिका भडक करणे अगदी सोपे होते. प्रिया तेंडुलकर यांनी रजनीला कजाग होऊ दिले नाही, हे त्यांचे मोठे यश. तिचा आवाज चढायचा तो समोरच्याने दुसऱ्यांदा टोलवाटोलवी केल्यावर. तोवर ती नियम विचारायची, नाव विचारायची, वरिष्ठांची चौकशी करायची. घरी रेशनकार्ड आणि गॅसची पावती सांभाळणाऱ्या प्रेक्षक बायकांना हे प्रश्न पाठ होते. ते मोठ्याने विचारणारे माणूस पडद्यावर तोवर दिसले नव्हते. मालिकेचा घाव वर्मी लागत होता, याचा पुरावा म्हणजे टॅक्सीवाल्यांनी त्यांच्यावरच्या भागाविरुद्ध निदर्शने केली. ग्राहक चळवळ महाराष्ट्रात १९७०च्या दशकातच उभी राहिली होती, मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था काम करत होत्या. ग्राहक संरक्षण कायदा मात्र १९८६चा. म्हणजे रजनी भांडत होती तेव्हा ग्राहक न्यायालये अस्तित्वातच नव्हती.

मालिकेत तिच्या नवऱ्याचे काम करणारे करण राझदान यांच्याशी त्यांनी १९८८मध्ये विवाह केला. १९९५मध्ये दोघे विभक्त झाले.

रजनीचा दबदबा त्यांनी पुढे चर्चेच्या कार्यक्रमांत कामी आणला. ‘द प्रिया तेंडुलकर शो’ आणि ‘जिम्मेदार कौन’ यांत सामाजिक प्रश्नांवर सामान्य माणसे आणि जाणकार आमनेसामने बसत. सूत्रसंचालक म्हणून त्या आडपडदा न ठेवता विचारीत.

‘हम पाँच’ (१९९५) या विनोदी मालिकेतली त्यांची भूमिका आगळी आहे. अशोक सराफ यांनी केलेल्या आनंद माथूरची ही दिवंगत पहिली बायको. भिंतीवरच्या तसबिरीतून ती नवऱ्याशी बोलते, टोमणे मारते, सल्ले देते. नटाला लागणारे हात, चाल, वावर हे सारे इथे काढून घेतलेले. हाताशी उरतात डोळे, भुवया आणि आवाज. एवढ्या भांडवलावर त्यांनी समोर वावरणाऱ्या अशोक सराफ यांच्यासारख्या विनोदाच्या बादशहाला तोडीस तोड साथ दिली. त्यांच्या अभिनयातली अचूक वेळ समजून घ्यायची असेल, तर ‘रजनी’पेक्षाही हे प्रसंग पाहावेत. हिंदी चित्रपटांत या काळात त्यांना प्रामुख्याने आईच्या भूमिका मिळाल्या. ‘त्रिमूर्ती’ (१९९५) आणि ‘गुप्त’ (१९९७) ही त्याची उदाहरणे.

त्या कर्करोगाशी झुंजत होत्या. मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या अठ्ठेचाळिसाव्या वाढदिवसाला एक महिना उरला होता.

अभिनयाच्या प्रसिद्धीमुळे त्यांचे लेखन झाकोळले गेले, हा त्यांच्यावर झालेला अन्याय आहे. ‘ज्याचा त्याचा प्रश्न’, ‘जन्मलेल्या प्रत्येकाला’, ‘जावे तिच्या वंशा’ ही त्यांची मराठी पुस्तके. ‘पंचतारांकित’मध्ये हॉटेलातल्या नोकरीच्या दिवसांचे अनुभव आले आहेत. चकचकीत स्वागतकक्षामागचे जग आतून पाहिलेल्या बाईने ते लिहिले आहे. मराठीत या व्यवसायावरचे असे लेखन थोडेच आहे.