वळिवड्याच्या चुली

भगिनींनो, २०२४ सालच्या ऑगस्ट महिन्यात आपल्या पंतप्रधानांनी पोलंडची राजधानी वॉर्सा येथे ‘कोल्हापूर स्मारका’स अभिवादन केले, ही बातमी आपण सर्वांनी ऐकली. त्या आठवड्याच्या बैठकीत मंडळातील एका नव्या सुनेने मला विचारले, “काकू, कुठे पोलंड आणि कुठे कोल्हापूर! तिथे आपल्या गावाचे नाव कशाला?” तिला तेव्हा दोन वाक्यांत उत्तर दिले, पण तेवढ्याने माझे समाधान झाले नाही. वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत ते उत्तर सविस्तर द्यावे असे ठरविले. इतिहास लिहिण्याचा माझा अधिकार नाही. परंतु हा इतिहास मुख्यतः बायकांच्या संसाराचा आहे, आणि त्याविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार आपणा सर्वांनाच आहे.

१९३९ सालच्या सप्टेंबरात जर्मनीने पश्चिमेकडून आणि रशियाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. पुढील वर्षी, १९४० च्या फेब्रुवारीपासून, रशियनांनी पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना घरांतून उठविले आणि मालगाड्यांत भरून सैबेरिया, कझाकस्तान अशा दूरच्या मुलखांत नेले. हाती लागेल तेवढे गाठोड्यात बांधायचे आणि निघायचे! तिथे थंडीत लाकूडतोडीची कामे आणि काम पाहून मोजून मिळणारा पाव. १९४१ साली जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा या लोकांची सुटका झाली. १९४२ साली एक लाखाहून अधिक पोलिश माणसे इराणात पोहोचली. धडधाकट पुरुष जनरल अँडर्स यांच्या सैन्यात गेले. मागे राहिल्या बायका, मुले आणि म्हातारी माणसे. त्यांना ठेवायचे कोठे?

काही मुलांना जामनगरचे महाराज जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे आश्रय दिला. आणि मोठी छावणी उभी राहिली ती आपल्या कोल्हापूर संस्थानात, मिरजेच्या लोहमार्गावरील वळिवडे स्टेशनाजवळ. १९४३ साली माणसे येऊ लागली आणि बघता बघता सुमारे पाच हजार पोलिशांचे एक गावच तिथे वसले. चटयांच्या भिंती आणि कौलांचे छप्पर अशा लांबच लांब बराकी. प्रत्येक कुटुंबाला त्यांतील खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि पुढे पडवी. शाळा, देऊळ म्हणजे त्यांचे चर्च, दवाखाना, पोस्ट, नाटकगृह, सारे काही होते. खर्च लंडनमध्ये आसरा घेतलेले पोलंडचे सरकार करीत असे.

या छावणीतील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही, की तेथे कुटुंबांसाठी सार्वजनिक भटारखाना नव्हता. घरटी ठरावीक भत्ता मिळे आणि ज्या त्या बाईने आपला बाजार करून आपली चूल पेटवायची. तीन वर्षे दुसऱ्याने मोजून दिलेला तुकडा खाल्लेल्या बाईला आज काय रांधायचे हे स्वतः ठरविता आले. आपल्याला रोज संध्याकाळी ‘आता काय करू?’ याचा कंटाळा येतो. त्या बाईला तोच प्रश्न किती गोड वाटला असेल!

पण रांधायचे तरी काय? तिच्या देशात थंडी, बर्फ, राईचा काळसर आंबूस पाव, बीटचे आंबट सार आणि कोबी. इथे ऊन, मग मृगापासून धो धो पाऊस, चटईच्या भिंतीतून येणारे विंचूकाटे, आणि बाजारात जोंधळा, गूळ, भुईमूग नि लवंगी मिरची. मात्र कोबी, बटाटा, कांदा, अंडी, दूध ही आपली आणि त्यांची सामाईक. त्यांच्यात ‘पियेरोगी’ नावाचा पदार्थ आहे. मैद्याची पोळी लाटून वाटीने गोल कापायचे, आत बटाट्याचे किंवा पनीरासारख्या ‘त्वारोग’चे सारण भरायचे, कडा दुमडायच्या आणि उकळत्या पाण्यात सोडायचे. म्हणजे आपली करंजीच, फक्त तळायची नाही! आणि ते त्वारोग तरी काय? विरजलेले दूध कोमट करून फडक्यात बांधायचे, पाणी निथळू द्यायचे. आपण श्रीखंडासाठी चक्का बांधतो तीच रीत. हजारो कोस दूरच्या दोन बायका एकच गाठ मारतात, याची मला मोठी गंमत वाटते.

आमच्या आजेसासूबाई त्या वेळी पंधरा वर्षांच्या, नव्या नवरी. सासूबरोबर दूध आणि भाजीची पाटी घेऊन छावणीत जात. मराठी शाळेचे तोंड न पाहिलेल्या आमच्या आजी शेवटपर्यंत दुधाला ‘म्लेको’, कोबीला ‘कापुस्ता’ आणि पावाला ‘ख्लेब’ म्हणून दाखवीत. त्या सांगत, की पहिल्या दिवसांत एका ठेंगण्या मडमेने पाटीतली हिरवी मिरची शेंग समजून कच्चीच चावली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या! भोवतालची पोरे हसू लागली, आणि मग तीही हसू लागली. दुसऱ्या दिवशी आजींच्या सासूबाईंनी तिच्यासाठी पदरात गुळाचा खडा बांधून नेला. तेव्हापासून त्या दारात दूध घालायचे ते आजींनीच. मडमेची धाकटी मुलगी केळे खाल्ले की दुसरे फ्रॉकमध्ये लपवी. आजींना ती चोरी वाटे. सैबेरियात उपाशी राहिलेली मुले पुढे कित्येक दिवस अन्न लपवून ठेवीत, हे आम्हाला फार उशिरा समजले. ते कळल्यावर आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

नाताळच्या आदल्या रात्री पोलिश घरात मांसाहार करीत नाहीत. सगळे मिळून एक पातळ पापडासारखी पवित्र वडी मोडून एकमेकांना देतात, आणि ताटांच्या रांगेत एक जास्तीचे ताट मांडतात. दारी अवचित कोणी आला, तर तो उपाशी जाऊ नये म्हणून! वळिवड्याच्या बराकीत ते रिकामे ताट पाहून कोणाची आठवण येत असेल, ते सांगावयास नको. घरोघरचे पुरुष लढाईवर होते. १९४४ सालच्या मे महिन्यात पोलिश सैन्याने इटलीत मोंटे कॅसिनो घेतले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १० जुलै रोजी, त्याच इटलीत आपल्या मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वळिवड्याची मडम आणि घाटाखालची शिपायाची बायको, दोघींचेही डोळे एकाच देशाकडून येणाऱ्या टपालाकडे लागलेले होते.

युद्ध संपले, पण घरी जाणे नशिबी नव्हते. ज्या भागातून ही माणसे आली, तो पूर्व पोलंड रशियाच्या ताब्यात गेला. १९४५ च्या जुलैत इंग्रजांनी लंडनमधील पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. थोडे लोक पोलंडला परतले. पुष्कळसे इंग्लंडला आणि इतर देशांत गेले. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली.

परंतु चुली विझल्या नाहीत. फाळणीने घरदार गमावलेली सिंधी कुटुंबे त्याच बराकींत राहावयास आली. जिथे बीटचे सार शिजले, तिथे सिंधी कढी उकळू लागली. त्यांनी कष्टाने उभारलेल्या वसाहतीला आज आपण गांधीनगर म्हणतो आणि लग्नाचा बस्ता बांधायला हौसेने जातो.

पोलिश मुले म्हाताऱ्या वयातही छावणी पाहावयास येत राहिली. २०१९ सालीही त्यांच्यापैकी काही कोल्हापुरास येऊन गेली. वॉर्सातील ते स्मारक याच उपकाराची आठवण आहे. आपण मात्र काय जपले? आजी शेवटच्या आजारात एकदा मला म्हणाल्या, “पाच पावसाळं दूध घातलं गं तिला. पण नाव इचारायचं ऱ्हायलं. आम्ही तिला बारकी मड्डमच म्हनायचो.” जाताना त्या मडमेने आजींना एक शिवणाचे अंगुस्तान दिले होते. ते आमच्या घरी अजून आहे. नाव मात्र नाही.

ही रुखरुख मला लागून राहिली आहे. आपल्या आळीत आज परप्रांतातून पोटासाठी आलेली किती कुटुंबे राहतात! त्यांच्या बायका आपल्याला जिन्यात भेटतात, बाजारात भेटतात. त्यांच्या घरी काय शिजते, हे आपल्याला वासावरून कळते. परंतु त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत काय? येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांना बोलवावे, तिळगूळ द्यावा आणि आधी नाव विचारावे, एवढीच मंडळाच्या भगिनींना माझी विनंती आहे. तसेच ज्यांच्या घरी छावणीच्या आठवणी सांगणारे कोणी वडीलधारे असेल, त्यांनी त्या आजच लिहून घ्याव्यात. उद्यावर टाकू नये.