रक्ताची साक्ष

साथीच्या रोगाचा इतिहास लिहिणें अवघड असतें, याचें एक मोठें कारण असें कीं, साथ आपलीं सर्व पावलें मागें उमटवून जात नाहीं. मेलेल्यांची नोंद राहते. अंथरुणास खिळून पुन्हा उठले त्यांचीही कांहीं अंशीं राहते. परंतु ज्यांच्या देहांतून रोग त्यांच्या नकळत येऊन गेला, त्यांचा पत्ता कोणत्याही दप्तरांत लागत नाहीं. १९१८ च्या इन्फ्लुएंझाचा हिशेब अद्यापि अजमासानेंच मांडावा लागतो तो यामुळें. २०२० सालच्या करोनाच्या साथीस मात्र एक नवा साक्षीदार लाभला; तो म्हणजे माणसाचें रक्त. ही साक्ष ज्यांच्याकडून अत्यंत पद्धतशीरपणें घेतली गेली, त्या रुग्णालयांतील नोकरवर्गाच्या मोजणीचा वृत्तांत आम्ही येथें देण्याचें योजिलें आहे.

रोग्याची सेवा करणाराच रोगास बळी पडावा, हा अनुभव नवा नव्हता. याच कुळांतील सार्स नांवाच्या रोगानें २००२-०३ सालीं जगांत ८,०९६ माणसें आजारी पाडलीं. त्यांपैकीं १,७०६, म्हणजे पांचांत एक याहून किंचित् अधिक, रुग्णालयांत काम करणारीं होतीं. हा रोग नवीन आहे हें ज्यांनीं प्रथम ओळखिलें, ते इटालियन डॉक्टर कार्लो उर्बानी स्वतःच त्या रोगानें मार्च २००३ मध्यें मरण पावले. तेव्हां २०२० सालीं सर्वांचा तर्क एकच होता: मरणोन्मुख रोग्याच्या उशाशीं, अतिदक्षता विभागांत, धोका सर्वांत मोठा असणार.

हा तर्क पडताळण्यास दोन मापें हातीं होतीं. नाकांतील व घशांतील स्राव घेऊन केलेली पीसीआर परीक्षा विषाणूचाच अंश शोधते. म्हणून ती वर्तमानकाळ सांगते. रक्तांतील प्रतिपिंडांची परीक्षा, शरीरानें शत्रूशीं दिलेल्या झुंजीची खूण शोधते. म्हणून ती भूतकाळ सांगते. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयांत मार्च २०२० च्या अखेरीस, कोणतेंही लक्षण नसून कामावर हजर असलेल्या ३९६ जणांची पहिली परीक्षा झाली. २८ जणांच्या देहांत विषाणू निघाला. पांचव्या आठवड्यांत हें प्रमाण शेंकडा ७ वरून १ वर उतरलें होतें. विशेष हें कीं, हा उतार शहरांतील साथीच्या उताराशीं जुळत होता. म्हणजे नोकर हा केवळ रुग्णालयाचा नव्हे, तर नगराचाही रहिवासी आहे, व रोग त्याला घरीं, रस्त्यांत आणि गाडींतही गांठतो, हें त्या आंकड्यांनीं सुचविलें.

रक्ताची साक्ष याहूनही अनपेक्षित निघाली. बर्मिंगहॅम येथें २४ व २५ एप्रिल २०२० रोजीं ५१६ लक्षणरहित नोकरांचें रक्त तपासलें, तेव्हां सुमारें चौथ्या हिश्श्याच्या रक्तांत प्रतिपिंडें आढळलीं. परंतु अतिदक्षता विभागांत हें प्रमाण शेंकडा १४.८, तर सफाई करणाऱ्यांत शेंकडा ३४.५! ऑक्सफर्डच्या रुग्णालयांत दहा हजारांहून अधिक नोकर तपासले गेले; तेथेंही सर्वांत अधिक प्रमाण सफाई कामगारांत व रोग्यांना हलविणाऱ्या हमालांत, शेंकडा १८.६ इतकें होतें. यावर कोणी म्हणेल कीं, हे गरीब लोक दाटीच्या वस्तींत राहतात. त्यांना रोग घरींच जडला असेल. या आक्षेपांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. घरांत रोगी असणें हें ऑक्सफर्ड येथेंही मोठें कारण ठरलें. परंतु तेथेंच करोनाच्या कक्षांत काम करणाऱ्यांत प्रमाण शेंकडा २२.६, व इतरत्र ८.६ असें निघालें. तेव्हां सारा दोष वस्तीवर टाकतां येत नाहीं. अतिदक्षता विभागांत उत्तम मुखाच्छादनें व कडक शिस्त होती. कक्षांत फरशी पुसणाऱ्याच्या वांट्यास मात्र तशी सामुग्री आली नव्हती. साधनें भीतीच्या अनुमानानें वांटलीं गेलीं, आणि तें अनुमान अपुरें होतें.

तिसरा प्रश्न याहून महत्त्वाचा होता: एकदां रोग झालेला मनुष्य पुन्हा सुरक्षित आहे काय? कित्येक देशांत अशांना मुक्त संचाराचा परवाना द्यावा, अशी भाषा सुरू झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेनें २४ एप्रिल २०२० रोजीं त्यास पुरावा नाहीं असें बजावलें. हा पुरावा रुग्णालयांतील नोकरांनींच पुरविला. इंग्लंडमधील ‘सिरेन’ या अभ्यासांत २०२० च्या जूनपासून पंचवीस हजारांहून अधिक नोकर दर पंधरवड्यास पीसीआर परीक्षेस व वेळोवेळीं रक्त देण्यास सिद्ध झाले. पूर्वीं रोग होऊन गेलेल्या ८,२७८ जणांत नव्यानें १५५ जणांस लागण झाली. न झालेल्या १७,३८३ जणांत १,७०४ जणांस झाली. सर्व वजावट करतां, पूर्वींच्या रोगामुळें धोका शेंकडा ८४ नें घटला होता. लस आल्यावर तिचा गुणही याच मंडळींवरून मोजतां आला.

आपल्याकडे लस १६ जानेवारी २०२१ पासून प्रथम आरोग्यसेवकांनाच मिळाली. त्याच वर्षींच्या जून-जुलैमधील चौथ्या देशव्यापी पाहणींत आरोग्यसेवकांपैकीं शेंकडा ८५ जणांच्या रक्तांत प्रतिपिंडें आढळलीं. पण येथें साक्षीदाराची भाषा बदलली होती. आतां प्रतिपिंड रोगाचें कीं लशीचें? कोव्हिशील्डनें विषाणूच्या कांट्याविरुद्धच प्रतिपिंडें उपजतात; त्यामुळें गाभ्याच्या प्रथिनाविरुद्धचीं आढळल्यास रोग होऊन गेला असें म्हणतां येई. कोव्हॅक्सिन संपूर्ण मृत विषाणूची असल्यानें ही युक्ति तेथें लंगडी पडते. पुढें २०२१ च्या अखेरीस ओमिक्रॉन आला, आणि पूर्वींची लागण पुन्हा होणाऱ्या लागणीस पहिल्यासारखी रोखीनाशी झाली. म्हणजे ८४ हा आंकडा खोटा नव्हे. तो त्या काळापुरता व त्या विषाणूपुरता खरा होता. इतिहासाच्या अभ्यासकानें आंकड्याजवळ त्याची तिथि नेहमीं ठेवावी ती याकरितां.

या सर्वांतून आम्हांस एकच बोध अधिक मोलाचा वाटतो. मोजण्यापूर्वीं धोक्याची कल्पना पदव्यांच्या क्रमानें केली जात होती. रक्त मात्र पदवी विचारीत नाहीं. आमच्या रुग्णालयांतून सफाईचें काम पुष्कळदां कंत्राटावर दिलेलें असतें. जो कंत्राटी मनुष्य रुग्णालयाच्या हजेरीपटावरच नाहीं, तो अशा नोंदींत येणार कसा? आणि जो नोंदींत आला नाहीं, त्याच्या वांट्याचें मुखाच्छादन मागणार कोण? पुढील साथ येईल तेव्हां मोजणीचा आरंभ डॉक्टरांच्या खोलीप्रमाणेंच झाडूच्या खोलीपासूनही झाला पाहिजे. ज्यांनीं वेळोवेळीं आपलें रक्त देऊन जगाला शहाणें केलें, त्यांचें ऋण फेडण्याचा याहून सरळ मार्ग आम्हांस दिसत नाहीं.