आटून गेलेले कापड : परभणी परिसरातील गोधडी
परभणी जिल्ह्यात गोधडी किंवा वाकळ जुन्या लुगड्या-धोतरांचीच का शिवली जाई, याचे उत्तर दारिद्र्य आणि काटकसर या दोन शब्दांत देण्याचा प्रघात आहे; परंतु ते उत्तर अपुरे आहे, आणि शिवणाऱ्या बायकांच्या जाणतेपणावर अन्याय करणारेही आहे. थरांवर थर टाचून केलेल्या पांघरुणाला सर्वांत मोठा धोका कापड आटण्याचा असतो. मागावर ताणा, म्हणजे उभे सूत, खळ लावून ताठ केलेले आणि ओढून धरलेले असते. कापड पहिल्यांदा पाण्यात पडले की खळ निघून जाते, सूत फुगते, ताण सुटतो आणि कापड, विशेषतः उभ्या अंगाने, आखडते. सगळे थर सारखेच आटले तर फारसे बिघडत नाही, पण अस्तर आटले आणि वरचा पदर तसाच राहिला, तर टाक्याटाक्याला चुण्या पडतात, कडा ओढल्या जातात आणि गोधडी सपाट पसरत नाही. वर्षानुवर्षे धुतलेल्या लुगड्यात मात्र आटण्यासारखे काही उरलेले नसते, आणि जवळजवळ घातलेला धावदोरा अशा निवांत कापडावरच सरळ बसतो.

वाकळीचा हा वारसा जुना आहे. गोदाकाठच्या गंगाखेडला जन्मलेल्या संत जनाबाईंच्या आख्यायिकेत विठ्ठल आपला शेला विसरून जनीची वाकळ पांघरून जातो; झिजून मऊ झालेल्या कापडाला लोकमनाने दिलेला हा मान लक्षणीय आहे.

हैदराबाद संस्थानातील या मुलखातून 1900 च्या सुमारास हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे धावू लागली. सेलू, मानवत या बाजारपेठांतून कापूस गठाणी होऊन बाहेर जाऊ लागला आणि गिरणीचे कोरे कापड गावोगाव येऊ लागले. त्यातच फलालीन होते. मूळचे लोकरीचे हे कापड पुढे सुताचे होऊ लागले. त्याची वीण सैल असते आणि पृष्ठभाग तारांच्या कुंच्यांनी खरवडून त्यावर लव उठवलेली असते. ऊब त्या लवेत अडकलेल्या हवेची असते, पण सैल विणीमुळेच फलालीन साध्या कापडापेक्षा अधिक आटते. पाच टक्के आटले तरी दोन मीटरला दहा सेंटिमीटर जातात.

हा फरक सर्वांत लवकर दिसतो तो तान्ह्या बाळाच्या दुपट्यात, कारण दुपटे रोज धुतले जाते. आत नवे फलालीन आणि बाहेर आजीचे जुने लुगडे असे दुपटे पहिल्या आठवड्यातच वाटीसारखे आत वळू लागते. त्यावरचा उपाय ‘कापड पाण्यातून काढणे’ या साध्या शब्दांत सांगितला जातो: कोरे कापड रात्रभर भिजत घालायचे, न पिळता निथळू द्यायचे, सावलीत वाळवायचे आणि मगच कात्री लावायची, फलालीन असेल तर हे दोनदा केलेले बरे. अमेरिकेत सॅनफर्ड क्लुएट यांनी कापड यंत्रावर आधीच आटवण्याच्या पद्धतीचे पेटंट 1930 मध्ये मिळवले. त्या यंत्राने साधले ते घरच्या घंगाळात पूर्वीपासून साधत होते, हे आवर्जून नोंदवले पाहिजे.

पुढे कृत्रिम धाग्यांच्या साड्या आल्या आणि जुना हिशेब उलटला, कारण ही साडी कितीही जुनी झाली तरी आटत नाही, मग तिच्याखालचे सुती फलालीन एकटेच आखडते. घटस्थापनेपूर्वी ‘दसरा काढताना’, म्हणजे घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे नदीवर धुताना, अशा गोधडीची खरी परीक्षा होते. दगडावर वाळत घातलेल्या गोधडीच्या कडा वर उचललेल्या दिसल्या, तर कडेच्या दोन-तीन ओळी उसवून, अस्तर मोकळे करून, वरचा जादा पदर आत मुडपून टाके पुन्हा घालावे लागतात.